जावक क्रमांक चारशे बारा

इनामदारांनी टाइप केलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "याला नंबर घाल."

मी कागद वाचला. प्रा. हंचिनाळ यांना कोप्पीकर रोडवरच्या वाचनालयात जाहीर व्याख्यान देण्याची परवानगी नाकारण्यात येत आहे, असा मजकूर होता. खाली प्रिन्सिपॉलांची सही होती. तो मंगळवार होता. व्याख्यान दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, होऊन गेलं होतं. कागदावरची तारीख मात्र दहा दिवसांपूर्वीच्या शनिवारची होती.

"हे आज निघालंय की..." मी म्हणालो.

"तारीख वाचता येते ना तुला?" इनामदार म्हणाले. "त्या शनिवारच्या दोन ओळी रिकाम्या आहेत. पहिलीत घाल."

ओळी रिकाम्या आहेत हे त्यांना माहीत होतं, कारण तशा सोडायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या एका शिक्षणसंस्थेच्या कॉलेजात मी तेव्हा क्लार्क होतो. आजही तिथेच आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. इनामदार आमचे हेडक्लार्क. माझ्याकडे आवक-जावक होतं. कन्नडमध्येही आम्ही याला आवक-जावकच म्हणतो. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आवक रजिस्टरात चढतो आणि ऑफिसातून जाणारा प्रत्येक कागद जावक रजिस्टरात. क्रमांक, तारीख, कुणाला, विषय, कसा पाठवला, एवढे रकाने. काम सोपं आहे. पण उद्या कुणी म्हणालं की मला पत्र मिळालंच नाही, किंवा मी अर्ज दिला होता, तर सगळे त्या दोन रजिस्टरांकडे धावतात. कागद हरवतो, माणूस नाही म्हणतो, रजिस्टरातल्या ओळीला मात्र सगळे मान देतात.

तिला मान असतो, कारण नंबर एकामागून एक येतात. कालची तारीख घालून आज मध्येच काही घुसवता येत नाही. घुसवायचंच असेल तर जागा आधीपासून ठेवावी लागते.

आमच्याकडे ती ठेवत. शनिवारी संध्याकाळी रजिस्टर मिटायच्या आधी दोन नंबर घालून पुढच्या ओळी कोऱ्या सोडायच्या. महिनाअखेरीला त्या ओळींवर 'रद्द' लिहायचं. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, हे कशासाठी? इनामदार म्हणाले होते, "रजिस्टरला श्वास घ्यायला जागा ठेवावी बाबा. साहेब लोक विसरतात. विद्यापीठाचं पत्र येतं, उत्तर आठ दिवसांत द्या म्हणून, आणि हे नवव्या दिवशी आठवतात." मला ते शहाणपणाचं वाटलं. त्या ओळी क्वचितच वापरल्या जात. वापरल्या तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. चूक करायची जागा आपण आधीच आखून ठेवतो आहोत, असं मनात आलं नाही.

आता हंचिनाळ सरांविषयी सांगतो.

ते इतिहासाचे विभागप्रमुख. उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट, खिशाला कायम शाईचा डाग. कुणाचीही भीड न ठेवता बोलायचे. स्टाफ मीटिंगमध्ये प्रिन्सिपॉल भाषण करू लागले की ते हात वर करून विचारायचे, "याला आधार काय?" त्यामुळे ते बऱ्याच जणांना नकोसे होते. मुलांना मात्र आवडायचे. त्यांचा तास दुपारच्या जेवणानंतर असूनही कुणी पेंगत नसे.

संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला तेव्हा स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचं काम त्यांच्याकडेच दिलं गेलं. सेक्रेटरी अप्पासाहेबांनी स्वतः दिलं. अप्पासाहेब संस्थापकांचे पुतणे. बहुतेक त्यांना वाटलं असेल, नावाजलेला माणूस आहे, चार चांगली पानं लिहील.

हंचिनाळ सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "रेकॉर्ड रूमची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडेच, सर."

"मग चला."

नियमाप्रमाणे मी लेखी परवानगी मागायला हवी होती. मागितली नाही. संस्थेनेच दिलेलं काम आहे, परवानगी कसली, असं वाटलं. खरं सांगायचं तर एवढ्या मोठ्या माणसाने 'चला' म्हटल्याचं अप्रूपही वाटलं होतं.

जवळजवळ दोन महिने ते रोज दुपारी तिथे बसत. नाकाला रुमाल, समोर धुळीचे गठ्ठे. वसतिगृहाची सुरुवातीची रजिस्टरं मोडीत होती. तेव्हाचा इथला बराचसा लिहिण्याचा व्यवहार मोडीत चाले. सरांना मोडी जेमतेम यायची. मला येत होती, कारण आमचं घराणं मिरजेकडून व्यापाराला इथे आलेलं, घरातली जुनी पत्रं मोडीत होती आणि तात्यांनी ती वाचायला मला लहानपणीच शिकवलं होतं. हे कळल्यावर सर खूश झाले. मग माझं काम आटोपलं की मी त्यांच्यासमोर बसून वाचायचो आणि ते कन्नडमध्ये टिपून घ्यायचे.

एकदा मी मेसचं रजिस्टर वाचत होतो. रोज किती मुलं जेवली त्याची नोंद. 'पंगत' असं लिहून पुढे आकडा. त्याखाली रोज आणखी एक ओळ होती. मी वाचली, "ओटा, सात."

"परत वाचा," सर म्हणाले.

"ओटा, सात."

"उद्याचं?"

"ओटा, सात. परवा सहा. एकजण घरी गेलेला दिसतोय."

आम्ही पानं उलटत गेलो. पहिली नऊ वर्षं ती ओळ होती. पुढे एका ठिकाणी मुलांची नावंही सापडली आणि मग ओट्यावर कोण जेवत होतं, ते सांगायची गरज राहिली नाही. गावाबाहेरच्या वस्त्यांतून आलेली ती मुलं होती.

आमच्या कॉलेजात संस्थापकदिनाला दरवर्षी एक वाक्य म्हटलं जायचं: इथे पहिल्या दिवसापासून सगळी मुलं एका पंगतीला जेवली. मीही ते सहा वर्षं ऐकलं होतं. फोटोला हार घालताना टाळ्याही वाजवल्या होत्या.

सरांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "स्मरणिकेत लिहिणारा माणूस समोर कोण बसलंय ते बघून लिहितो. या मेसच्या कारकुनाने कुणाला बघून लिहिलेलं नाही. उद्याला किती तांदूळ लागेल, एवढ्यासाठी लिहिलंय. म्हणून मी याचं ऐकतो."

दहाव्या वर्षी ती ओळ थांबली. एका सोमवारपासून सगळा आकडा पंगतीत आला. त्याच सुमाराच्या पत्रव्यवहारात दोन मोठ्या देणगीदारांची रागाची पत्रं होती आणि संस्थापकांची उत्तरंही. पंगत एकच राहील, आपल्याला संस्था सोडायची असेल तर सोडावी, असं त्यांनी लिहिलं होतं.

सरांनी हे सगळं स्मरणिकेच्या प्रकरणात लिहिलं. ओटाही, आणि ओटा बंद झाला तेही. स्मरणिका समितीने ते प्रकरण अख्खं काढून टाकलं.

अप्पासाहेबांनी सरांना बोलावलं तेव्हा मी फाइल घेऊन तिथे उभा होतो.

"हंचिनाळ सर, काकांनी ओटा बंद केला ना? मग तेवढंच सांगा की. आधीचं कशाला?"

"अप्पासाहेब, ओटा मोडला हे सांगायचं तर तो होता हे आधी सांगावं लागतं."

"लोक अर्धंच ऐकतात."

"मग पूर्ण सांगू या."

"सुवर्णमहोत्सवात?"

"पन्नास वर्षं झाली तरी आता नाही म्हणता. शंभराव्याला मी नसेन."

अप्पासाहेब वाईट माणूस नव्हते, हे मला इथे लिहिलं पाहिजे. काकांच्या मांडीवर बसून जी गोष्ट ऐकली, ती त्यांना खरी वाटत होती. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दुखावलेला होता. ते एवढंच म्हणाले, "माझ्या घरच्या माणसाविषयी मी तुमच्याकडून शिकू?"

त्यानंतर सरांनी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत याच विषयावर बोलायचं ठरवलं. आमच्या सेवानियमात एक कलम होतं. कर्मचाऱ्याला संस्थेविषयी जाहीर बोलायचं किंवा लिहायचं असेल तर आधी अर्ज करावा लागतो. पण त्याच कलमात पुढे असंही होतं की पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजावं. सरांनी सोमवारी अर्ज दिला. मी आवक नंबर घातला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. तो शिक्का त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन तपासला होता, मला अजून आठवतं.

प्रिन्सिपॉलांनी अर्ज पेपरवेटखाली ठेवला. हो म्हणावं तर अप्पासाहेब रागावणार, नाही म्हणावं तर नकार लेखी राहणार. मी दोनदा आठवण करून दिली. "बघू या की," एवढंच उत्तर मिळालं. पंधरा दिवस गेले. रविवारी सर बोलले. दुसऱ्या दिवशी कन्नड पेपरात मथळा आला, त्यात ओटा होता, ओटा मोडल्याचं नव्हतं. अप्पासाहेब म्हणाले होते तसंच झालं. माजी विद्यार्थ्यांची शिष्टमंडळं आली. कुणीतरी सरांच्या खोलीच्या पाटीला डांबर फासलं. काही मुलं सरांच्या बाजूने पायरीवर बसली. पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला नोकरीवरून काढा, अशी मागणी सुरू झाली.

काढायचं तर नियम मोडलेला पाहिजे. आणि नियम त्यांनी पाळला होता. मोडला होता आम्ही.

म्हणून मंगळवारी तो कागद माझ्या टेबलावर आला.

मी पेन हातात धरून बसलो. इनामदार गेले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुझी कन्फर्मेशनची फाइल अप्पासाहेबांच्या टेबलावर आहे. सहा वर्षं टेंपररी आहेस. बरोबर?"

"हो."

"आणि रेकॉर्ड रूमची किल्ली त्यांना कुणी दिली, मोडी कुणी वाचून दिली, हे अजून कुणी विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही. एक ओळ लिहायचीय. लिही."

त्यांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. धमकी दिली असती तर मी चिडलो तरी असतो. ते मला वाचवत आहेत असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही वाटलं.

मी लिहिलं. जावक क्रमांक चारशे बारा. शनिवारची तारीख. प्रा. हंचिनाळ. विषय, परवानगी नाकारल्याबाबत. 'कसा पाठवला' या रकान्यापाशी थांबलो. कॉलेजातल्या कॉलेजात पत्र द्यायचं तर ते शिपाई बसप्पा घेऊन जात असे, आणि घेणाऱ्याची सही त्याच्या टपालवहीत घेत असे. बसप्पाच्या वहीत रिकाम्या ओळी नव्हत्या. त्याला कुणी तसं शिकवलं नव्हतं.

"साध्या टपालाने, घरच्या पत्त्यावर," इनामदार म्हणाले. "त्या शनिवारी आणि सोमवारी ते रजेवर होते. गदगला लग्न होतं. मी बघून ठेवलंय."

लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

बसप्पाला कळायला दोन दिवस लागले. कॉलेजात शिपायापासून काही लपत नाही. चहाचा कप ठेवताना म्हणाला, "साहेब्रे, सरांचं ते पत्र मी कधी नेलं?"

"तू नाही नेलंस. पोस्टाने गेलं."

"पोस्टाने?" त्याने खिडकीतून सरांच्या खोलीकडे पाहिलं. मधे फक्त एक व्हरांडा होता. मग कन्नडमध्ये म्हणाला, "नाळे निमग चहा पोस्टिन्याग कळस्तेन्री." उद्यापासून तुमचा चहाही पोस्टाने पाठवतो. आणि हसत निघून गेला. नंतर पुष्कळ दिवस तो चहा ठेवताना माझ्याशी बोलला नाही.

सरांना निलंबित केलं आणि चौकशी बसली. खात्यांतर्गत चौकशी म्हणजे कोर्ट नव्हे. पण तिच्यात आरोपपत्र असतं, साक्षीदार असतात, आणि आरोप असलेल्या माणसाला त्यांना प्रश्न विचारता येतात. चौकशी अधिकारी म्हणून देशपांडे नगरातले एक वकील आले. सज्जन, थोडं कमी ऐकू येणारे. आरोप एकच. नकार कळवूनही बोलले.

मी दुसरा साक्षीदार. जावक रजिस्टर छातीशी धरून आत गेलो. सर टेबलाच्या पलीकडे बसले होते. मला बघून त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. अजून त्यांना वाटत होतं की मी खरं सांगायला आलोय.

वकिलांनी विचारलं, "ही नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"पत्र पाठवलं?"

"हो."

"हंचिनाळ सर, तुम्हाला काही विचारायचं?"

सर उठले. "माझी खोली तुमच्या टेबलापासून किती पावलांवर आहे?"

"चाळीसेक."

"आजवर माझी किती पत्रं तुम्ही पोस्टाने पाठवली?"

"आधी पाठवलेलं नाही, सर."

"मग हे का?"

"तुम्ही रजेवर होता."

त्यांचा चेहरा तेव्हा बदलला. रजेचं उत्तर माझ्या तोंडी तयार आहे हे त्यांनी ओळखलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो.

"रजिस्टर बघू?" त्यांनी वकिलांना विचारलं.

मी ते सरकवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. रेकॉर्ड रूममध्ये न्यायचे तसंच. चारशे बारावर बोट ठेवलं. खाली चारशे तेरा, 'रद्द'. मग त्यांनी मागचं पान उलटलं. आदल्या शनिवारच्या शेवटच्या दोन ओळी, रद्द, रद्द. त्याच्या आदल्या शनिवारी रद्द, रद्द. पुढचं पान, तेच. दर शनिवारी दोन. फक्त त्या एका शनिवारी एक 'रद्द' आणि एक पत्र.

जुनी रजिस्टरं वाचण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे कळायला किती वेळ लागणार? आता ते पान वकिलांसमोर धरतील, एवढं दाखवतील, आणि मी संपेन. खरं सांगतो, त्या क्षणी मला तेच हवंही होतं. माझ्याऐवजी त्यांनी सांगून टाकावं.

ते पान धरून उभे राहिले. वकिलांनी घड्याळात पाहिलं.

"विचारा की सर."

सरांनी रजिस्टर मिटलं, माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "मला पत्र मिळालेलं नाही, एवढं लिहून घ्या. माझे प्रश्न संपले."

अहवाल चौदा पानांचा झाला. पत्र योग्य पत्त्यावर पाठवल्याची नोंद असल्याने ते पोचलं असं धरावं लागतं, असं त्यात होतं. सर व्याख्यानात बोलले ते खरं की खोटं, हे कुणीही, कुठल्याही दिवशी विचारलं नाही. चौदा पानांत 'पंगत' हा शब्द नव्हता, आणि 'ओटा'ही नव्हता. सरांना सक्तीने निवृत्त केलं. त्यानंतर अकराव्या दिवशी माझी कन्फर्मेशन ऑर्डर आली. तिला जावक नंबर मीच घातला. बायकोने पेढे वाटले. मी तिला काही सांगितलं नाही. सांगायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

तीन वर्षांनी मी सरांच्या घरी गेलो. धारवाडला, चढावरचं लहानसं घर. सर अंगणात वर्तमानपत्राची कात्रणं चिकटवत बसले होते. चहापाणी झालं, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी म्हणालो, "सर, ते पत्र..."

"मला माहीत आहे."

"तुम्ही तेव्हाच पाहिलं होतं. मग बोलला का नाहीत? माझी दया आली?"

"तुमची?" ते हसले. "तुमचा राग आला होता. फार. त्या दिवशी मी घरी चालत आलो, एवढा राग आला होता."

"मग?"

त्यांनी डिंकाची बोटं कागदाला पुसली. "मी काय सिद्ध करणार होतो? या कॉलेजच्या रजिस्टरांत मागाहून नोंदी करतात. हेच ना? दुसऱ्या दिवशी अप्पासाहेब म्हणाले असते, बघा, रजिस्टरं अशीच असतात, मग मेसचं तरी कशावरून खरं? देणगीदारांच्या पत्रव्यवहारात ओट्याचं नाव नव्हतं. माझ्याकडे त्या सात मुलांचा दुसरा पुरावा नव्हता. एका कारकुनाच्या रजिस्टरावर सगळं उभं होतं. दुसऱ्या कारकुनाचं रजिस्टर मी कसं पाडू?"

माझ्या खोट्या ओळीपायी त्यांनी आपली नोकरी जाऊ दिली होती, आणि ज्या रजिस्टरासाठी जाऊ दिली, ते वाचून दाखवणाराही मीच होतो.

"सर, मला माफ करा," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हे तोंडी झालं," ते म्हणाले. "तोंडी पुराव्याला मी फारसं धरत नाही. लिहून आणा कधीतरी."

ते चेष्टेत म्हणाले की मनापासून, हे मी बरीच वर्षं ठरवू शकलो नाही. मी लिहिलं नाही. मुलांची शिक्षणं होती, बढती होती, इनामदार निवृत्त झाले होते आणि त्यांची खुर्ची मला मिळायची होती. प्रत्येक वर्षी एखादं कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. सर गेले तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन आलो. कोपऱ्यात बसप्पाही होता. निवृत्त झालेला, पार थकलेला. त्याने मला बसायला जागा करून दिली. बोलला नाही.

आता मी हेडक्लार्क आहे. मागच्या वर्षी रेकॉर्ड रूम रिकामी करायचं निघालं. ऑफिसातल्या कागदांचे वर्ग असतात. काही कायम ठेवायचे, काही ठरावीक वर्षांनी नष्ट करायचे. नष्ट करायच्या यादीवर हेडक्लार्कची सही लागते. ती यादी माझ्यासमोर आली. तिच्यात वसतिगृहाची मोडीतली जुनी रजिस्टरं होती, कारण ती कुणाला वाचताच येत नव्हती. आणि त्या वर्षाचं जावक रजिस्टरही होतं.

एक सही केली असती तर दोन्ही गेली असती. सरांचा पुरावाही आणि माझाही.

मी जावक रजिस्टर खाली आणून उघडलं. चारशे बाराची शाई आजूबाजूच्या ओळींसारखीच फिकी झाली होती. नवख्याला काही ओळखू आलं नसतं. मला सरांचं म्हणणं आठवलं आणि भीतीही वाटली. ही नोंद खोटी असं मी लिहिलं, तर ज्या कारणासाठी ते गप्प राहिले तेच मी उधळतोय का? पुष्कळ दिवस विचार केला. मग आमच्याच कामातली एक साधी रीत आठवली. रजिस्टरात चुकलं तर खरवडायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकीची ओळ वाचता येईल अशी ठेवायची, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि सही-तारीख घालायची. चूक दिसते म्हणून रजिस्टर खोटं ठरत नाही. लपवली तर ठरतं. मेसच्या कारकुनानेही एका ठिकाणी 'सहा' खोडून 'सात' केलं होतं. सरांनी तीही टीप घेतली होती.

चारशे बाराच्या शेजारी मी लाल शाईने लिहिलं: 'ही नोंद दहा दिवस मागाहून, आधीची तारीख घालून, मी केली. असं पत्र त्या शनिवारी निघालेलं नव्हतं.' खाली पूर्ण सही आणि त्या दिवसाची तारीख. मग यादीतून दोन्ही प्रकारची रजिस्टरं काढली आणि 'कायम' वर्गात टाकली. एका तरुण प्राध्यापिकेने विचारलं, मोडी शिकवाल का? शनिवारी दुपारी ती येते. ओट्यापर्यंत आम्ही अजून पोचलेलो नाही. मी घाई करत नाही. तिने स्वतः वाचावं.

आवक-जावकला आता एक नवी मुलगी आहे, हेब्बाळकर. पहिल्या शनिवारी तिने विचारलं, "सर, जुन्या रजिस्टरात दोन ओळी सोडलेल्या दिसतात. मीही सोडू?"

"नको. शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मार आणि सही कर."

"आणि साहेबांना मागाहून काही आठवलं तर?"

"तर सोमवारचा नंबर, सोमवारची तारीख."

"रागावतील की."

"रागावू देत."

हा अनुभव छापायला देण्याआधी मी नियमाप्रमाणे अर्ज केला. संस्थेविषयी लिहायचं आहे, त्यात माझा गुन्हा आहे, नावं बदलेन, असं त्यात लिहिलं. अर्ज हेब्बाळकरने आवकेत चढवला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. मी तो डोळ्यांजवळ नेऊन तपासला. कलम अजून तेच आहे. आज विसावा दिवस आहे आणि उत्तर आलेलं नाही. त्या पंधरा दिवसांतल्या दोन्ही शनिवारी जावक रजिस्टरात शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ आहे. मी स्वतः बघितली.